चाकाची खुर्ची

आजार, अपघात, जन्मजात व्यंग किंवा वार्धक्य यांमुळे ज्यांना चालता येत नाही अथवा फार थोडे चालता येते, त्यांना बसल्या स्थितीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाता यावे म्हणून चाके जोडून तयार केलेल्या आसनास ‘चाकाची खुर्ची’ म्हणतात. ‘व्हीलचेअर’ हा शब्दही मराठी व्यवहारात रुळला आहे. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : (१) बसणाऱ्याने हाताने चालविण्याची किंवा दुसऱ्याने मागून ढकलण्याची खुर्ची आणि (२) विद्युत् चलित्रावर (मोटरवर) चालणारी खुर्ची. भारतात यांच्या जोडीला हाताने फिरविण्याची तीनचाकी सायकलही मोठ्या प्रमाणावर वापरतात.

खुर्ची कोणाच्या सोयीसाठी करावयाची, ढकलणाऱ्याच्या की बसणाऱ्याच्या, या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतशी तिची रचनाही बदलत गेली. महाराष्ट्रात या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. येथे खुर्ची गरजूंपर्यंत काही प्रमाणात पोहोचली, पण ती चालू शकेल अशी वाट तिच्या मागून, आणि फार सावकाश, तयार होत आहे. प्रस्तुत नोंदीत प्रथम या साधनाचा सर्वसाधारण व महाराष्ट्रातील इतिहास, नंतर त्याची रचना आणि अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील कळंब या तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेऊन त्याचा प्रत्यक्ष वापर यांचा विचार केला आहे.

प्रारंभीचा इतिहास : आसनाला चाके जोडण्याची कल्पना जुनी आहे. इ. स. सहाव्या शतकातील एका चिनी दगडी शवपेटीवर चाके असलेल्या आसनाचे चित्र कोरलेले आढळते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा संधिवाताने जर्जर झाला असता त्याच्यासाठी केलेल्या खुर्चीचे १५९५ मधील रेखाचित्र उपलब्ध आहे. तिला मागेपुढे कलणारी पाठ व पाय टेकण्याची सोय होती. तथापि तिची चाके लहान असल्याने राजाला ती स्वतः चालविता येत नसे, सेवकांनी ती ढकलावी लागे. याउलट न्यूरेंबर्ग येथील श्टेफान फार्फ्लर (१६३३–८९) या घड्याळजीला पायांनी चालता येत नव्हते. त्याने १६५५ मध्ये स्वतःसाठी तीन चाकांची गाडी तयार केली. पुढील चाकाला दंतचक्रांच्या साहाय्याने हातदांडा जोडलेला होता व तो फिरवून गाडी पुढे नेता येई. बसणाऱ्याने स्वतः चालवावयाचे हे पहिले ज्ञात वाहन होय. आज भारतातील रस्त्यांवर दिसणारी तीनचाकी सायकल तत्त्वतः याच जातीची आहे.

इंग्लंडमधील बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी सु. १७५० पासून ‘बाथ चेअर’ प्रचारात आली. तिला मागे दोन मोठी व पुढे एक लहान चाक असे. बसणारा पुढच्या चाकाची दिशा दांडीने बदलू शके. परंतु गाडी ओढण्यास वा ढकलण्यास माणूस लागेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, विशेषतः तेथील यादवी युद्धातील जखमी सैनिकांसाठी, लाकडी चौकटीच्या व वेताने विणलेल्या खुर्च्या तयार होऊ लागल्या. मागील मोठ्या चाकाला बाहेरून दुसरे कडे बसविण्याची सुधारणा याच काळातील आहे. ती किरकोळ वाटली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. कारण त्यामुळे धुळीने माखलेल्या धावेला हात न लावता बसणाऱ्याला खुर्ची चालविता येऊ लागली.

महाराष्ट्रातील पूर्वस्थिती : महाराष्ट्रात ज्याला चालता येत नसे त्याला उचलून नेण्याचीच पद्धत होती. श्रीमंतांसाठी मेणा व डोली होती. इतरांना नातेवाईक पाठीवर वा खाटेवर घालून नेत. निराधार व्यक्ती लहान चाके लावलेल्या फळीवर बसून हातांनी जमीन रेटीत पुढे जात. हे दृश्य देवस्थानांच्या व बाजारांच्या गावी विसाव्या शतकातही दिसे. संतचरित्रांत कूर्मदासाची कथा येते. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून पोटाने सरपटत पंढरपूरच्या वारीस निघाला आणि वाटेतच, लऊळ येथे, त्याचे बळ संपले, तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीस आला, अशी आख्यायिका आहे. कथेचा भाव भक्तीचा आहे. तथापि ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी अंतर म्हणजे काय, याची समाजाला असलेली जाणीवही तीतून व्यक्त होते.

आधुनिक खुर्चीचा उदय : हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकन अभियंता १९१८ मध्ये खाणीतील अपघातात कमरेखाली पंगू झाला. त्याला मोटारगाडीत ठेवता येईल अशी खुर्ची हवी होती. हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या मदतीने त्याने १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, बैठकीखाली फुलीच्या आकाराचे (×) दांडे असलेली आणि दोन्ही बाजू जवळ आणून मिटता येणारी खुर्ची तयार केली. या दोघांनी काढलेल्या कंपनीने पुढे या धंद्यावर इतके वर्चस्व मिळविले की, अमेरिकेच्या न्यायखात्याने १९७७ मध्ये तिच्याविरुद्ध मक्तेदारीविषयक दावा दाखल केला. रुग्णालये, विमानतळ व रेल्वे स्थानके येथे आजही दिसणारी मिटती खुर्ची याच रचनेची आहे.

खुर्चीची खरी गरज मात्र वैद्यकाच्या प्रगतीमुळे निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मेरुरज्जूला (पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या दोराला) इजा झालेले बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे थोड्याच काळात दगावत. प्रतिजैविक औषधे उपलब्ध झाली आणि लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून रुग्णाला ठराविक वेळाने कुशीवर वळविण्याची व लवकर कामाला लावण्याची पद्धती कसोशीने राबविली. परिणामी असे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. जो रुग्ण काही महिन्यांचा सोबती मानला जाई, त्याच्यापुढे आता अनेक वर्षांचे आयुष्य होते आणि ते त्याला खुर्चीत बसून काढावयाचे होते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच, गुटमान यांनी सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तिचेच पुढे पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांत रूपांतर झाले. खेळाडूंना वेगवान व हलकी खुर्ची हवी असल्याने रचनेतील अनेक सुधारणा क्रीडांगणावरून नित्याच्या वापरात आल्या. मॅरिलिन हॅमिल्टन या अमेरिकन महिलेला १९७८ मध्ये हवाई क्रीडेतील अपघातात अधरांगघात (कमरेखालील भागाचा पक्षाघात) झाला. तिने व तिच्या मित्रांनी त्या क्रीडेतील उडत्या साधनासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून जुन्या खुर्चीच्या सुमारे निम्म्या वजनाची खुर्ची बनविली. फार्फ्लर, एव्हरेस्ट व हॅमिल्टन या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे : रचनेतील निर्णायक बदल ज्याला खुर्चीत बसावयाचे होते त्यानेच घडवून आणला.

ज्यांचे हातही निकामी झाले होते त्यांच्यासाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातील जॉर्ज क्लाइन यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युद्धात जखमी झालेल्या सैनिकांकरिता विद्युत् खुर्ची तयार केली. १९५६ पासून अमेरिकेत अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले.

महाराष्ट्रातील कार्य : महाराष्ट्रातही या कार्याचा आरंभ सैनिकांपासून झाला. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन झाली. ती पुढे खडकी (पुणे) येथे कार्य करू लागली. १९४४ मध्ये पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. नागरिकांसाठी मुंबईतील हाजी अली येथे १९५५ मध्ये भौतिकीय वैद्यक व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. मेरुरज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकी येथे १९७४ मध्ये स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उघडण्यात आले. निवास, उपचार, उद्योग व खेळ हे सर्व खुर्चीवरून करता यावे अशी त्याची मांडणी आहे.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील तंत्रकामगार १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धांत त्यांनी ५० मी. मुक्त शैलीच्या जलतरणात सुवर्णपदक मिळविले. भारताला मिळालेले हे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. पद्मश्री हा किताब त्यांना २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी मिळाला.

नागरी क्षेत्रात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तरुणपणीच अधरांगघात झालेल्या नसीमाताईंनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि खुर्चीवरील मुलामुलींच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच *चाकाची खुर्ची* असे असून या शब्दाला मराठी वाचकांच्या परिचयाचे करण्यात त्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. साधनांच्या उत्पादनासाठी केंद्र शासनाने १९७२ मध्ये कानपूर येथे कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ स्थापन केले आणि १९८१ पासून गरजूंना विनामूल्य वा अल्प किंमतीत साधने देण्याची योजना सुरू केली. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शिबिरांतून ग्रामीण भागात पोहोचलेल्या खुर्च्या व तीनचाकी सायकली बव्हंशी या योजनेतून आलेल्या आहेत.

हाताने चालविण्याची खुर्ची : हिची मागील चाके सु. ६० सेंमी. व्यासाची असून पुढील चाके लहान व स्वतःभोवती फिरणारी असतात. मागील चाकांच्या कड्यांना हाताने गती देतात. एकच कडे फिरविल्यास किंवा दोन्ही उलट दिशांनी फिरविल्यास खुर्ची वळते. मागील चाकांच्या आसाची जागा सर्वांत महत्त्वाची असते. आस पुढे घेतल्यास बसणाऱ्याचा भार मोठ्या चाकांवर येतो, खुर्ची कमी श्रमांत चालते व सहज वळते. मात्र ती मागे उलटण्याचा संभव वाढतो. आस मागे असल्यास खुर्ची स्थिर राहते, पण लहान चाकांवर भार येऊन ती जड चालते. रुग्णालयातील खुर्ची या दुसऱ्या प्रकारची असते, कारण ती थोड्या वेळासाठी व दुसऱ्याने ढकलण्यासाठी केलेली असते. तीच खुर्ची एखाद्याला आयुष्यभरासाठी दिली, तर जड खुर्ची रेटून खांद्यांचे सांधे झिजतात. आणि ज्याचे पाय गेले आहेत त्याचे खांदे दुखावल्यास अंथरुणातून खुर्चीत येणेही त्याला कठीण होते.

बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीपेक्षा किंचितच अधिक असावी लागते. ती फार रुंद असल्यास शरीर एका बाजूस कलते व हात कड्यांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. पाय ठेवण्याच्या पट्ट्या फार उंच असल्यास मांड्यांवरील भार कमी होऊन तो सर्व बैठकीच्या हाडांखाली एकवटतो. संवेदना नसलेल्या व्यक्तीला हा दाब जाणवत नाही. त्वचेचा रक्तपुरवठा तुटून व्रण होतो आणि तो चिघळल्यास प्राणघातक ठरू शकतो. यासाठी दाब विभागणारी गादी हा खुर्चीचा आवश्यक भाग मानतात व हातांवर भार देऊन शरीर वरचेवर उचलण्याची सवय लावतात. खुर्ची व्यक्तीच्या मापाने द्यावी, ती वापरण्याचे शिक्षण द्यावे व दुरुस्तीची सोय असावी, ही तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मांडली आहेत. एकाच मापाच्या खुर्च्या सरसकट वाटण्याच्या पद्धतीतील मुख्य दोष यांवरून स्पष्ट होतो.

तीनचाकी सायकल : हिची तिन्ही चाके मोठी असतात, पुढील व मागील चाकांत अंतर अधिक असते आणि छातीसमोरील दांडे साखळीच्या साहाय्याने चाक फिरवितात. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती खुर्चीपेक्षा सरस ठरते व दोनचार किलोमीटरचा प्रवास तिच्यावरून होऊ शकतो. बालपक्षाघाताने (पोलिओने) पाय अधू झालेल्या, परंतु हात व धड बळकट असलेल्या व्यक्तींना ती उपयुक्त ठरली. तथापि ती घरात आणता येत नाही, तिच्यावर चढउतार करणे कठीण असते आणि तिची कठीण बैठक मेरुरज्जूच्या रुग्णाला धोक्याची असते. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. आता तरुण वापरणाऱ्यांत रस्त्यावरील अपघातात किंवा झाडावरून, उंचावरून पडून कण्याला इजा झालेल्यांचे महत्त्व वाढले असून त्यांची गरज वेगळी आहे.

विद्युत् खुर्ची : हिच्यात सामान्यतः २४ व्होल्टचा विद्युत् घट (बॅटरी), प्रत्येक चालक चाकास स्वतंत्र चलित्र आणि नियंत्रक हे मुख्य भाग असतात. बसणारा एक लहान दांडी ज्या दिशेने व जितकी कलवितो, त्यानुसार नियंत्रक दोन्ही चलित्रांना कमीअधिक विद्युत् प्रवाह देतो. दोन्ही चाकांच्या वेगांतील फरकामुळे खुर्ची वळते. दांडी सोडताच खुर्ची थांबते व विद्युत् चुंबकीय गतिरोधक लागतो. हाताने दांडी हलविता येत नसल्यास हनुवटीने किंवा नळीतून श्वास ओढून व सोडूनही नियंत्रण करता येते. शिशाच्या घटांमुळे अशी खुर्ची फार जड होते व ती उंबऱ्यावरून उचलून नेणे अशक्यप्राय होते. लिथियम-आयन घटांमुळे वजन बरेच कमी झाले आहे. भारतात आयआयटी मद्रासमधील संशोधनातून २०२० नंतर व्यक्तीच्या मापानुसार बनविलेली हातखुर्ची आणि तिच्या पुढे जोडण्याचा, मोठे चाक व चलित्र असलेला भाग तयार झाला. घरात साधी खुर्ची व बाहेर तीनचाकी वाहन असा दुहेरी उपयोग त्यामुळे होतो. पुढे एक मोठे चाक ठेवण्याची फार्फ्लरची युक्ती येथे नव्या रूपात परत आली आहे.

वापर व परिसर – कळंबचे उदाहरण : कळंब हे यवतमाळपासून सु. २३ किमी. वर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव असून परिसर कापसाच्या काळ्या जमिनीचा आहे. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात व पावसाळ्यात तिचा चिकट चिखल होतो. खुर्चीची पुढील लहान चाके भेगेत अडकतात किंवा चिखलात रुततात. मागील चाकाला लागलेला चिखल कड्यावरून हातावर येतो. डांबरी रस्त्यावर सुलभ चालणारी खुर्ची गल्लीत किंवा शेतवाटेवर निरुपयोगी होण्याचे कारण हे आहे. अशा भूमीसाठी पुढील चाके रुंद व अधिक पुढे असलेली खुर्ची आवश्यक असते. अमेरिकेतील राल्फ हॉचकिस या खुर्चीवरच वावरणाऱ्या अभियंत्याने १९८० पासून निकाराग्वा व इतर देशांतील कारागिरांबरोबर अशा प्रकारच्या, स्थानिक साहित्यातून होणाऱ्या खुर्च्या विकसित केल्या. त्यांचा अनुभव विदर्भासही लागू पडणारा आहे.

दुसरा अडसर उंचीतील फरकाचा. खुर्चीसाठी चढणीचे प्रमाण १:१२ असावे असा संकेत आहे. म्हणजे १५ सेंमी. उंचीच्या एका पायरीसाठी १.८ मी. लांबीची चढण लागते. गावातील जोत्यावरच्या घराला तीन पायऱ्या असल्या, तर अंगणात पाच मीटरांहून अधिक जागा हवी. दुकानाच्या ओट्याखाली गटार असल्यास ती मिळतच नाही. कळंब ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते श्रीचिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते. केवळ तीन मीटर खाली उतरावयाचे म्हटले, तरी वरील प्रमाणाने ३६ मी. लांबीचा उतार व मध्ये विसाव्याच्या सपाट जागा लागतील. प्राचीन वास्तूंच्या बाबतीत असा उतार बहुधा शक्य नसतो. तेथे उद्‌वाहकासारख्या अन्य उपायांचा विचार करावा लागतो. तोपर्यंत भाविकाला उचलूनच न्यावे लागते आणि खुर्ची वरच राहते.

तिसरा अडसर प्रवासाचा. एस.टी.च्या भाड्यात अपंगांना सवलत आहे. परंतु साध्या बसच्या अरुंद दारातून व उंच पायऱ्यांवरून खुर्चीसह चढता येत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब हा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला व कळंबला प्रथमच रुंदमापी रेल्वे मिळाली. उंच फलाट रुळांपासून ७६ ते ८४ सेंमी. असतो, तर डब्याचा तळ सु. १.३ मीटरवर असतो. म्हणून फलाट व डबा यांमध्ये ठेवण्याची फळी नसेल, तर नव्या मार्गाचाही उपयोग दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहतो.

कायदेशीर तरतुदी : अपंग व्यक्तींसाठी केंद्र शासनाने १९९५ मध्ये पहिला व्यापक कायदा केला. त्याची जागा घेणाऱ्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करणे बंधनकारक आहे. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले व महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. अधिनियमाखालील नियमांत सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक स्वरूपात राहिली आहेत, ती सक्तीची करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात दिला.

या आदेशाचा अर्थ खुर्चीच्या इतिहासाच्या संदर्भात असा की, सुगमता ही दात्याच्या इच्छेवर सोडण्याची बाब उरलेली नाही. तीनशे सत्तर वर्षांपूर्वी फार्फ्लरने दुसऱ्याने ढकलण्याची गरज संपविली होती. तथापि जेथे पायरी, चिखल किंवा उंच डबा आडवा येतो तेथे आजही ती गरज पुन्हा निर्माण होते. कळंबसारख्या गावात खुर्ची किती जणांना मिळाली याबरोबरच ती घेऊन शाळा, दवाखाना, बाजार व स्थानक येथे किती जणांना कोणाच्याही मदतीशिवाय जाता येते, हे मोजले जाणे आवश्यक आहे. या साधनाच्या उपयुक्ततेचे खरे प्रमाण तेच होय.